नीलांजनेला मान, लावणीवालीला नावं?



आमच्या नात्यातली एक मुलगी कॉलेजच्या प्रकल्पासाठी लावणी कलावंतांवर माहितीपट करायचं म्हणतेय. मंजुरीसाठी विषय शिक्षकांपुढे मांडायचा आहे. घरात मात्र एकच सूर : "जैनाच्या पोरीला दुसरा विषय मिळाला नाही?" माझं मत, विषय हाच असावा.

लावणी म्हटलं की आपल्याला 'पिंजरा' आठवतो. १९७२ च्या त्या सिनेमात तमाशातल्या बाईपायी मास्तरांचं आयुष्य धुळीला मिळतं. तेच चित्र मनात बसलं. पण लावणी म्हणजे नुसता शृंगार नव्हे. सोलापूरच्या राम जोशींनी आध्यात्मिक लावण्याही रचल्या. वाईच्या यमुनाबाई वाईकर बैठकीची लावणी बसल्या जागी अदाकारीने रंगवायच्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. विठाबाई नारायणगावकर प्रयोग चालू असताना बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले.

आता आपल्याकडे बघा. पंचकल्याणक महोत्सवात नीलांजनेचं नृत्य असलं की पुढची जागा मिळावी म्हणून आपण लवकर जातो. आदिपुराणातली ती कथा काय आहे? नाचता नाचता नीलांजनेचं आयुष्य संपलं. इंद्राने क्षणात दुसरी उभी केली, सभेला कळलंही नाही. कळलं ते एकट्या ऋषभदेवांना. सगळे नाच बघत होते, त्यांना नाचणारी दिसली. तिथूनच त्यांना वैराग्य आलं.

लावणीच्या नावावर हल्ली काही ठिकाणी जे ओंगळ चालतं, ते मलाही पटत नाही. पण त्यात शिट्ट्या मारणाऱ्यांचा काहीच दोष नाही का?

मी कॉमर्सवाली. त्या मुलीला म्हटलं, प्रस्तावात जमाखर्च मांड. संगीतबारीत पार्टीची मालकीण बाईच असते. सुपारीतलं वादकांना किती जातं, थिएटरला किती, घरच्या म्हाताऱ्यांच्या औषधाला आणि मुलांच्या फीला किती, हे त्यांनाच विचार. हिशेब समोर आला की नखऱ्यापलीकडची कमावती बाई दिसते. मात्र त्यांना दीनवाणं दाखवू नकोस, आणि विचारल्याशिवाय कॅमेरा लावू नकोस.

एकाच बाजूने पाहून मत ठरवणं म्हणजे एकान्त. अनेकान्ताचं प्रवचन ऐकून मान डोलावणाऱ्या आपण निदान या पोरीला अडवू तरी नये.