वटवाघळांच्या पोटातील कृमी आणि आपण

‘माळ्यावर वटवाघळे आहेत, त्यांच्या पोटातील जंत घरातील वृद्धांना लागतील का?’ अशी शंका पाबळ परिसरातील जुन्या घरांतून अधूनमधून विचारली जाते. त्याचे उत्तर तो कृमी नेमका कोणता, यावर अवलंबून आहे.

कीटकभक्षी वटवाघळांच्या आतड्यात पानासारखे चपटे, बहुधा तिळाहूनही लहान कृमी आढळतात. त्यांना पर्णकृमी म्हणतात. अभ्यासक ते काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. चूषक कोठे आहेत, वृषण, अंडाशय व पीतकग्रंथी कशा मांडल्या आहेत, यांवरून जात ठरते. अलीकडे जनुकीय तपासणीचीही जोड मिळाली आहे. अशाच एका गटाला जर्मन शास्त्रज्ञ लूस यांनी १८९६ साली ‘लेसिथोडेंड्रियम’ हे नाव दिले.

नाव कळले की कृमीचा मार्गही कळतो. याची अंडी विष्ठेतून पाण्यात जातात, तेथून गोगलगायीत आणि पुढे पाणकीटकांच्या अळ्यांत वाढ होते. पंख फुटलेला कीटक वटवाघळाने खाल्ला की चक्र पूर्ण होते. आपण कीटक खात नाही, म्हणून ही साखळी आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ईशान्य थायलंडमध्ये मात्र चतुरांची पाण्यातील पिल्ले खाण्याची प्रथा आहे; तेथे या कृमींच्या जवळच्या दोन जाती माणसांतही सापडल्या आहेत.

सर्वच पर्णकृमी असे दूर राहत नाहीत. १९५२ साली डॉ. गाडगीळ व डॉ. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावी, लघवीतून रक्त जाणाऱ्या रुग्णांमध्ये रक्तवाहिन्यांत राहणारा पर्णकृमी असल्याचे दाखवले. तो गोगलगायीतून पाण्यात येतो आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतो. त्याचा वटवाघळांशी काही संबंध नाही. दोन्ही चपटेच, पण वाटा वेगळ्या. म्हणून ओळख अचूक हवी.

यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वटवाघळांच्या भीतीने घरातील ज्येष्ठांना जंताच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. जंतांवरची नेहमीची गोळी प्रत्येक कृमीवर चालत नाही. वयस्कांच्या लघवीत रक्त दिसल्यास, ते एकदाच आणि वेदनेशिवाय असले तरी, ‘उष्णता झाली’ म्हणून सोडू नये. मुतखडा, प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचा कर्करोग यांची तपासणी आवश्यक असते. आणि वटवाघळांपासून खरा जपायचा धोका वेगळाच आहे: वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये, ओली करून, नाक-तोंड झाकून काढावी. दम्याच्या वा अशक्त व्यक्तीने हे काम करू नये. वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बाकी, रात्रभर डास-किडे टिपणाऱ्या या शेजाऱ्यास मारण्याचे कारण नाही. तो दिवसभर लटकून राहो. आपण आपली काळजी घेऊ.