मासे जवळ का आले?



सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाने वडिलांचा मोबाईल शाळेत आणला. वडिलांनी मालवणला स्कुबा डायव्हिंग केलं, त्याचा व्हिडिओ होता. निळंशार पाणी, वडिलांच्या हातात पावाचा तुकडा आणि भोवती काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांची नुसती झुंबड. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मासे रोज पाव खातात का?"

परिसर अभ्यासात अन्नसाखळी मीच शिकवली होती! आणि उत्तर द्यायला मीच अडखळले.

असे व्हिडिओ वर्गात दाखवूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. आपल्या कितीतरी मुलांनी समुद्रच पाहिलेला नाही. लक्षद्वीप, अंदमानची प्रवाळं त्यांना दुसरीकडे कुठे दिसणार? पण व्हिडिओत प्राणी दिसतो, कॅमेरा धरणारा दिसत नाही. प्राणी जे करतोय ते त्याच्या मनाने की त्या माणसामुळे, हे मुलांना आपण सांगितलंच पाहिजे. नाहीतर आपण निसर्ग शिकवतोय असं म्हणत भलतंच शिकवतो.

कासवाचंच बघा. ते फुप्फुसाने श्वास घेतं, त्याला वर यावंच लागतं. दोन-तीन डायव्हर कॅमेरे रोखून त्याच्या वाटेत आले की ते वळतं, पळतं. आपण म्हणतो, "किती छान पोहतंय!" शॉट जवळून मिळावा म्हणून कुणी प्रवाळाला धरतं, कुणाच्या पायातल्या फिनचा फटका बसतो. गोलसर मोठं प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. मोडायला किती वेळ लागतो, ते सांगायला नको.

हे आजचंही नाही. जाक-ईव्ह कुस्तो यांचा 'द सायलेंट वर्ल्ड' हा १९५६ चा गाजलेला माहितीपट. त्याला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात कासवावर स्वार झालेला डायव्हर आहे, मासे मोजण्यासाठी प्रवाळात लावलेला सुरुंगही आहे. तेव्हा ते कुणाला फारसं खटकलं नसावं. आज खटकतं, म्हणजे नजर बदलू शकते.

रंगांचीही एक गंमत. पाण्यात पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो. व्हिडिओतले लालभडक मासे बऱ्याचदा दिव्यामुळे किंवा नंतर केलेल्या रंगदुरुस्तीमुळे तसे दिसतात. वर्गात निळ्या जिलेटीन कागदातून लाल खडू बघायला द्या, काळपट दिसेल. पोरं वेडी होतात!

तर मी तोच व्हिडिओ पुन्हा लावला, आवाज बंद करून. एकच प्रश्न विचारला, "मासे जवळ का आले?" ज्याचा व्हिडिओ होता तोच हळूच म्हणाला, "बाई, पाव बोटवाल्या काकांनीच दिला होता." म्हणजे वडिलांचाही काय दोष? पैसे भरलेल्या पाहुण्याला व्हिडिओ चांगला मिळावा, एवढाच हिशोब.

पालकहो, पुढच्या सहलीला जाल तेव्हा बोटीत बसण्याआधीच सांगा, आम्हाला पाव नको. मासे थोडे कमी येतील, लांबून जातील. तसलाच व्हिडिओ मला पाठवा, मी वर्गात लावते.