निरोप सत्तर अक्षरांचा

दिवाळीच्या तोंडावर अस्मादिकांना दरेकशाच्या फलाटावर दीड तास बसण्याचा योग आला. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे गोंदिया जिल्ह्यातले स्टेशन. भोवती डोंगर नि जंगल. पुढचे बोरतलाव म्हणजे छत्तीसगड. गाडी उशिरा होती. शेजारच्या वयस्क गृहस्थांनी बटणांचा फोन माझ्यापुढे धरला.

"भाऊ, यात का लिवला आहे जी?"

निरोप इंग्रजीत होता. धान गुरुवारी केंद्रावर आणा, येणार असाल तर 'येस' व नोंदणी क्रमांक उलट पाठवा, असा. त्या दिवशी होता शनिवार! शेजारच्या पोराने 'काहीतरी विचारून राहिले, हो म्हणून टाका' असा सल्ला दिला होता, म्हणून त्यांनी देवनागरीत 'हो' पाठवले होते. त्यावर उत्तर आले, 'नमुना चुकीचा'. तेही इंग्रजीतच. धान घरी पडून होते आणि वार निघून गेला होता.

आता वाचक म्हणतील, अहो, हल्ली घरोघर काचेचे मोठे फोन आहेत, हा लघुसंदेश कशाला उगाळता? कारण डोंगराच्या आडोशाला जिथे बोलणे अर्ध्यात तुटते, तिथे हा बापडा पोचतो. बोलायला दोन्ही टोकांमध्ये सतत मोकळी वाट लागते. लघुसंदेश मात्र फोन आणि मनोरा एकमेकांना खाणाखुणा करतात त्या वाटेने जातो. फोन बंद असला तर कंपनीच्या केंद्रात काही काळ थांबतो आणि फोन जागा झाला की येऊन पडतो. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडात नील पॅपवर्थ यांनी पहिला असा संदेश पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. त्याची रीत अजून तीच आहे.

मग इंग्रजीच का? तर पैशाचा हिशेब. एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची अवघी ७०. आणि यंत्राची मोजणी आपल्यासारखी नाही. काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडणे, सगळे वेगळे मोजते. 'दरेकसा' आपल्याला चार अक्षरांचे, यंत्राला सहा. 'क्षेत्र' दिसायला दोन, पण यंत्राच्या वहीत सात! सत्तरच्या पुढे गेलात की एका निरोपाचे दोन होतात आणि खर्चही दुप्पट. तेव्हा कचेरीतला हिशेबनीस इंग्रजीकडे बोट दाखवतो.

परंतु सत्तर अक्षरे थोडी आहेत हे मला मान्य नाही. मी तिथेच बसून लिहून पाहिले: 'शनिवारी सकाळी १० ला धान आणा. येणार? १ लिहा. नाही? २ लिहा.' यंत्राच्या मापाने सत्तावन्न झाली. तेरा जागा उरल्या, त्यात 'राम राम'देखील बसतो. नोंदणी क्रमांक मागण्याचे तर काहीच कारण नाही. निरोप ज्या फोनवर धाडला तो नंबर कचेरीच्या दप्तरी आहेच की! अडचण अक्षरांची नाही. लिहिणाऱ्याने उत्तर देणाऱ्याला डोळ्यांसमोर आणले नाही, ही आहे.

त्याला समोर आणले की पुढची कामे आपोआप दिसतात. उत्तरात १ येईल, '1' येईल, 'हो' येईल, 'होय जी' येईल, रोमन लिपीतला 'हो'ही येईल. यंत्राला हे सगळे एकच म्हणून शिकवणे हे जाणत्या माणसाचे एका दुपारचे काम. काहीच उमगले नाही तर 'नमुना चुकीचा' म्हणून हात झटकू नयेत. प्रश्न पुन्हा सोपा करून विचारावा. खरी मेख वेगळीच आहे. जंगलात अडकलेले सोमवारचे 'हो' बुधवारी पोचले आणि मध्यंतरी दुसरा प्रश्न गेला असेल, तर यंत्र ते नव्या प्रश्नाचे उत्तर समजते. म्हणून एका प्रश्नाला १ आणि २, तर पुढच्याला ३ आणि ४ द्यावेत. असल्या सेवा बांधणाऱ्यांनी एवढे तरी करावे.

मराठीने सगळे सुटते असेही नाही. दरेकशाजवळच कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला तिथे निरनिराळ्या राज्यांतून गोंड समाज लोटतो. त्यांची गोंडी या फोनवर लिहायची कशी? शेजारच्या छत्तीसगडात शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू केले. साध्या फोनवरून आपल्या बोलीत गाऱ्हाणे सांगावे, ते नोंदले जाते आणि दुसऱ्याला फोनवर ऐकता येते. लिहिता न येणाऱ्याचेही त्यात अडत नाही. केंद्र सरकारने २०१३ मध्ये 'एम-किसान' काढले, त्यातही शेतकऱ्याला त्याच्या भाषेत संदेश द्यायची सोय धरली होती. म्हणजे वाट ठाऊक नाही, ही सबब चालायची नाही.

गाडी आली. गृहस्थ माझ्यासोबतच चढले. 'येस' आणि त्यांचा क्रमांक मी इंग्रजीत लिहून दिला. वार टळला होता, तरी त्यांनी तो आशेने पाठवला. सालेकसा गेले, आमगाव गेले. फोन त्यांनी हातातच धरला होता. गुदम्याच्या अलीकडे तो एकदा वाजला. घाईघाईने त्यांनी माझ्यापुढे केला.

कुणीतरी कर्ज देऊ करत होते. इंग्रजीत.