हिमालयाचा रेटा आणि आपलं माळवद

‘आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, भूकंप व्हायचा तो हिमालयात’ ही समजूत बार्शी-वैरागकडे आजही ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. भारताचा भूपट्ट युरेशियाच्या भूपट्टाला भिडू लागला त्याला सुमारे 5 कोटी वर्षं झाली. मधला टेथिस समुद्र मिटला, त्याच्या तळाचा गाळ चुरगळून उचलला गेला आणि हिमालय उभा राहिला. पण धडक अजून संपलेली नाही. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतोच आहे. हा रेटा मोठ्या प्रमाणात हिमालयात जिरतो, तरी ताण अख्ख्या भूपट्टात पसरतो आणि जिथे जुनी भेग असेल तिथे कधीतरी मोकळा होतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत तेच घडलं. वैरागपासून ते गाव पूर्वेला जेमतेम 80 किलोमीटर. पाषाण तिथेही होता. पुढे तिथे जमिनीत छिद्र घेतलं तेव्हा या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, थर साडेतीनशे मीटरही भरला नाही. भूकंप त्याच्याही कितीतरी खालच्या, फार जुन्या खडकात झाला होता.

यावर कोणी म्हणेल, शतकानुशतकांत एकदा येणाऱ्या संकटासाठी आज खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे, पण किल्लारीचा भूकंप 6.2 तीव्रतेचा, म्हणजे मध्यम म्हणावा असा होता. तरीही सुमारे दहा हजार माणसं गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरच्या माळवदांखाली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांखाली. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे पाच टनांहून अधिक वजन, आणि डागडुजीत जुनी माती न काढता नवी टाकत गेलं की ते वाढतच जातं. खालची भिंत दिसायला दोन हात जाड, पण आतून दोन सुट्या थरांची. मधे नुसती भर. हादरा बसला की थर एकमेकांपासून सुटतात.

माळवद उन्हाळ्यात गारवा देतं, हेही खरं. म्हणून ते पाडा असं कोणी म्हणत नाही. पण पूर्वी भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात मोडणारा किल्लारीचा भाग 2002 च्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात तिसऱ्या क्षेत्रात गेला. कागदावर झालेली ही दुरुस्ती भिंतीत उतरायला हवी. यंदा माळवदाला हात लावाल तेव्हा आधी जुनी माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवून घ्या आणि नवं बांधकाम असेल तर दारं-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा घाला. हिमालयाचा रेटा थांबवणं आपल्या हाती नाही. डोक्यावरचं ओझं कमी करणं आहे.