विकिपीडियावरून उडालेला लेख परत कसा येतो?

विकिपीडियावरचा लेख डिलीट झाला की आपल्याकडे साधारण दोनच गोष्टी होतात. एक तर तोच मजकूर पुन्हा कॉपी-पेस्ट केला जातो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘सगळ्यांनी जाऊन विरोध नोंदवा’ असा मेसेज फिरतो. दोन्हींनी लेख परत येत नाही. पहिल्या प्रकारात खातं ब्लॉक व्हायची पाळी येते. दुसऱ्या प्रकारात कालच उघडलेली दहा खाती एकाच सुरात बोलताना दिसली, की संपादकांना वाटतं ही सगळी एकाच माणसाची आहेत.

हे लिहायचं कारण म्हणजे आमचं डोणगाव. बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर तालुक्यात. गावच्या एका दिवंगत शाहिरावर कॉलेजच्या पोरांनी इंग्रजी विकिपीडियावर लेख टाकला आणि तो उडाला. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे फोन मला आला: ‘दादा, तुम्ही आयटीत आहात, तुम्ही परत आणून द्या.’ जणू काही सर्व्हर बंद पडलाय आणि मी रिस्टार्ट करणार! पण हा प्रश्न टेक्निकल नाहीच. हा पुराव्याचा प्रश्न आहे.

आधी एक समज दूर करू. डिलीट झालेला लेख नष्ट होत नाही. तो सामान्य वाचकाला दिसेनासा होतो एवढंच. प्रचालकांना, म्हणजे अ‍ॅडमिनना, तो जुन्या आवृत्त्यांसकट दिसतो. म्हणून ‘मजकूर गेला’ म्हणून रडायची गरज नाही. त्या नावाचं पान उघडलं की कोणी, कधी आणि कोणत्या कारणाने डिलीट केलं याची नोंद दिसते. ती नोंद नीट वाचा. पुढचं सगळं त्या कारणावर ठरतं.

कारण ‘प्रताधिकार भंग’ असेल, म्हणजे मजकूर दुसऱ्या वेबसाइटवरून उचललेला असेल, तर तो मजकूर परत मिळत नाही. स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहावं लागतं. ‘जाहिरात’ असं कारण असेल तर विशेषणं काढून बघा, बहुतेक वेळा खाली काहीच उरत नाही. चर्चा होऊन ‘उल्लेखनीयता सिद्ध होत नाही’ म्हणून उडाला असेल, तर मात्र खरी संधी आहे. ज्या अ‍ॅडमिनने तो काढला त्याच्या चर्चापानावर जाऊन, नवे संदर्भ दाखवून, ‘मजकूर मसुदा म्हणून मिळेल का’ असं सभ्यपणे विचारता येतं. बहुतेक वेळा मिळतो. मग त्यावर काम करायचं आणि पुन्हा तपासणीला द्यायचा. इंग्रजीत सहा महिने हात न लावलेला मसुदाही काढून टाकतात, हे लक्षात ठेवा.

डिलीशन रिव्ह्यू नावाची अपिलाची जागाही आहे. पण तिथे ‘आमचा माणूस मोठा होता’ हा मुद्दा चालत नाही. निर्णयाची प्रक्रिया चुकली, किंवा तेव्हा समोर नसलेली महत्त्वाची माहिती आता हाती आली आहे, एवढंच तिथे ऐकलं जातं.

आता ताजी भर. इंग्रजी विकिपीडियाने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा नियम आणला: एआयकडून लिहून घेतलेला आणि माणसाने न तपासलेला लेख चर्चेशिवाय, तातडीने काढता येतो. खुणा सोप्या आहेत. अस्तित्वातच नसलेले संदर्भ, किंवा चॅटबॉटचं ‘हा घ्या तुमचा लेख’ छापाचं वाक्य तसंच राहिलेलं. आमच्या पोरांच्या लेखातले दोन संदर्भ मी शोधले. दोन्ही पुस्तकांची नावं झकास, प्रकाशनवर्षही दिलेलं, आणि अशी पुस्तकं कुठेच नाहीत. खरा शाहीर, खरं गाव, आणि पुरावे मात्र बनावट! माझ्या मते ह्यापेक्षा शून्य संदर्भ बरे. एकदा बनावट संदर्भ सापडला की पुढचा खरा संदर्भही लोक भिंगातून बघतात.

हे फक्त आपल्यासारख्या लहान गावांच्या वाट्याला येतं असं नाही. डोना स्ट्रिकलंड यांना २०१८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेखच नव्हता. त्याच वर्षी आलेला मसुदा ‘संदर्भ पुरेसे नाहीत’ म्हणून परत पाठवला होता. मसुद्याला आधार होता त्यांच्या स्वतःच्या विद्यापीठाचा आणि त्या ज्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या तिचा. म्हणजे घरचीच साक्ष. त्याआधी २०१४ मध्येही एक लेख उडाला होता, तो प्रताधिकारामुळे.

आपल्याला जास्त उपयोगी आहे क्लॅरिस फेल्प्स यांचं प्रकरण. त्या अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रज्ञ. ११७ क्रमांकाचं मूलद्रव्य शोधण्याच्या कामात त्यांचा सहभाग होता. त्यांच्यावरचा लेख २०१८ मध्ये तयार झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये चर्चेअंती उडाला. त्यावर पेपरात टीका झाली, विकिपीडियावर पुन्हा पुन्हा वाद झाले. तरी लेख परत आला तो २०२० मध्ये, त्यांच्या कामाची दखल घेणारे नवे स्वतंत्र संदर्भ जमल्यावर. मधल्या वर्षभरात त्यांचं काम बदललं नव्हतं. त्याबद्दलचं छापील बदललं होतं.

आता हेच आपल्या जिल्ह्यात बघा. लोणार आमच्या शेजारच्या तालुक्यात. त्या सरोवरावर भूशास्त्रज्ञांचे ढिगाने शोधनिबंध आहेत, जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा जगभर बातम्या आल्या, आणि त्याच वर्षी ते रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालं. लोणारच्या लेखाला कोणी हात लावणार नाही. डोणगावचं गाव म्हणून पानही तसं सुरक्षित, कारण जनगणनेत नोंद असलेल्या गावाला इंग्रजी विकिपीडिया सहसा उल्लेखनीय मानतो. (महाराष्ट्रात डोणगावं बरीच आहेत, म्हणून जनगणनेचा गावाचा कोड द्या, नाहीतर सोलापूरकडचं डोणगाव आपल्या नावावर चढायचं.) अडचण येते ती माणसांची. चाळीस वर्षं पंचक्रोशी गाजवलेल्या शाहिराची छापील नोंद चार इंचांची असते.

पोरांनी जमवलेलं साहित्य मी बघितलं. शाहिरांच्या स्वतःच्या मंडळाने काढलेली स्मरणिका, मुलाची फेसबुक पोस्ट, यूट्यूबवरचे तीन व्हिडिओ, सत्काराचा फ्लेक्स. भावनेच्या दृष्टीने सगळं मोलाचं, पण विकिपीडियाच्या हिशेबात ह्यातलं काहीच स्वतंत्र नाही. लागतं काय, तर त्या माणसाशी संबंध नसलेल्या कोणीतरी, संपादकीय तपासणी असलेल्या ठिकाणी, त्याच्याबद्दल चार ओळींपेक्षा जास्त लिहिलेलं. असं एक नाही, दोन-तीन ठिकाणी. मुलाखतही फारशी चालत नाही, कारण तिथे माणूस स्वतःबद्दल स्वतःच बोलतो. पैसे देऊन छापून आणलेली पुरवणी तर नाहीच. भारतीय पेपरांतल्या पेड न्यूजबद्दल इंग्रजी विकिपीडियाचे संपादक फार सावध आहेत. टाइम्स ऑफ इंडियाचा संदर्भही ते जपूनच घेतात.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे आणि ती फार कमी जणांना माहीत असते. संदर्भ इंग्रजीत असायची अट नाही. ऑनलाइन असायचीही नाही. मराठी पेपरातला लेख किंवा वाचनालयातलं मराठी पुस्तक पूर्ण चालतं. फक्त दुसऱ्या कोणाला तो संदर्भ शोधता आला पाहिजे: पेपरचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा, लेखकाचं नाव. नुसतं ‘लोकमत, १९९४’ ह्याने काही होत नाही. कात्रणाचा फोटो काढताना वरची तारखेची पट्टी कापू नका, आपल्याकडची निम्मी कात्रणं तिथेच वाया जातात. ई-पेपरची लिंक असेल तर ती बंद पडायच्या आत इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये साठवा. विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात, वऱ्हाडातल्या लोककलांवरच्या प्रबंधात आपला माणूस आहे का, हे तिथे शोधायला एक संध्याकाळ पुरते.

पोरांपैकी एकाने विचारलं, ‘मग पोलिसात तक्रार केली तर?’ त्याच्या डोक्यात फेब्रुवारी २०२५ होतं. छत्रपती संभाजी महाराजांवरच्या लेखातल्या मजकुरावरून तेव्हा महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला नोटीस पाठवली होती. त्याच सुमारास एएनआय विरुद्ध विकिमीडिया खटलाही गाजत होता. त्या खटल्यावरचं पान दिल्ली हायकोर्टाने २०२४ मध्ये हटवायला लावलं आणि सुप्रीम कोर्टाने ९ मे २०२५ रोजी तो आदेश रद्द केला. कोर्ट पान काढायला लावू शकतं, हे ह्यातून दिसतं. पण शाहिराच्या बाजूने नसलेला संदर्भ कोणताही ठाणेदार उभा करू शकत नाही.

मराठी विकिपीडियाचं गणित थोडं वेगळं. तिथे प्रचालक मोजके, चर्चा चावडीवर होते, आणि ‘पानकाढा’ साचा लागलेला लेख वेळेत संदर्भ दिले तर वाचू शकतो. मी पोरांना सांगितलं, आधी मराठीत लिहा, धूळपाटीवर. वाचणाऱ्याला पेपरही कळतात आणि शाहीर म्हणजे काय तेही समजावावं लागत नाही. मात्र मराठीत लेख टिकला म्हणून इंग्रजीत आपोआप टिकत नाही, प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे नियम वेगळे.

सध्या मसुदा धूळपाटीवर आहे. त्यात दोन संदर्भ आहेत: निधनानंतरची पेपरातली सविस्तर बातमी, आणि लोककलांवरच्या एका पुस्तकातली दीड पानं. तिसऱ्यासाठी दोघं जण सुट्टीच्या दिवशी जुन्या पेपरांच्या फायली चाळायला वाचनालयात जातात. ग्रंथपालांनी १९८० नंतरचे गठ्ठे काढून दिलेत, काही वाळवीने खाल्लेले. पानांचे फोटो ते ग्रुपवर टाकतात, तारखेच्या पट्टीसकट.