गरिबांच्या दानाचे फळ

मुलांस उच्च शिक्षणासाठी परगावी धाडताना आईबापांना दोन चिंता ग्रासतात. पैसा कोठून आणावा, आणि परक्या शहरात मुलाच्या श्रद्धेचे काय होईल? आयर्लंडच्या कॅथलिक शेतकऱ्यांनाही याच चिंता होत्या. त्यांच्या विद्यापीठाची कथा आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डब्लिनमधील ट्रिनिटी कॉलेज १५९२ साली स्थापन झाले. तेथे कॅथलिकांना पदवी घेण्याची मोकळीक १७९३ साली मिळाली. परंतु तेथील मानाची पदे १८७३ पर्यंत त्यांना बंदच होती. सरकारने १८४५ च्या कायद्याने बेलफास्ट, कॉर्क व गॉलवे येथे तीन कॉलेजे काढली. तेथे प्रवेश सर्वांस होता, पण सरकारी खर्चाने धर्मशिक्षण नव्हते. बिशपांत मतभेद होते. तथापि १८५० च्या थर्ल्स येथील धर्मसभेने या कॉलेजांचा निषेध केला.

मग कॅथलिकांनी आपलेच विद्यापीठ काढावयाचे ठरविले. भीषण दुष्काळ नुकताच सरला होता. तरीही चर्चच्या दाराशी गरिबांनी आपली नाणी टाकली. १८५४ साली डब्लिनला कॅथलिक विद्यापीठ उघडले. पहिले कुलगुरू होते जॉन हेन्री न्यूमन, ज्यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली संत घोषित केले. विद्यार्थ्यांनी लहान लहान वसतिगृहांत वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली राहावे, अशी त्यांची योजना होती. परंतु सरकारी सनद नसल्यामुळे येथील पदवीस मान्यता मिळेना. न्यूमन १८५८ साली पद सोडून गेले. वैद्यकीय शाखा मात्र भरभराटीस आली.

पुढे १८८० साली रॉयल विद्यापीठ निघाले. ते केवळ परीक्षा घेई. विद्यार्थी कोठे शिकला, हे विचारीत नसे. त्यामुळे न्यूमन यांच्या संस्थेतून पुढे आलेल्या, १८८३ पासून येशूसंघीयांनी चालविलेल्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मुलांनाही पदवी मिळू लागली. १८८४ साली नऊ स्त्रिया या विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या.

अखेर १९०८ च्या कायद्याने राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले. डब्लिन, कॉर्क व गॉलवे ही त्याची घटक महाविद्यालये. हे संघात्मक विद्यापीठ एकत्र कुटुंबासारखे आहे: चुली वेगळ्या, पण घराण्याचे नाव एक. अध्यापन व दैनंदिन कारभार महाविद्यालयाकडे, तर पदवी व तिचा दर्जा सांभाळण्याचे काम विद्यापीठाकडे. याच कायद्याने स्थानिक मंडळांना शिष्यवृत्त्या देण्याचा अधिकार मिळाला. मेनूथचे धर्मगुरू-विद्यालय १९१० साली या विद्यापीठाशी जोडले गेले. १९९७ च्या कायद्याने डब्लिन, कॉर्क, गॉलवे व मेनूथ या चारही ठिकाणच्या संस्था घटक विद्यापीठे झाल्या.

नावाने 'कॅथलिक' असे विद्यापीठ मात्र हे नव्हे. येथे प्रवेशास धर्माची अट नाही. ज्या धर्मनिरपेक्ष कॉलेजांचा पूर्वी निषेध झाला, त्यांपैकीच कॉर्क व गॉलवेची कॉलेजे या कुटुंबात आली. गरिबांच्या मनातले विद्यापीठ जसेच्या तसे उभे राहिले नाही. पण त्यांच्या लेकरांसाठी बंद असलेले दार उघडले. श्रद्धेची जोपासना मात्र कायद्यावर सोपवून भागत नाही; ती घर, वसतिगृह आणि धर्मग्राम यांनीच करावयाची असते.

१८५४ पासून १९०८ पर्यंत चोपन्न वर्षे लोटली. नाणे टाकणाऱ्या कित्येकांनी फळ पाहिलेही नसेल. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या होतकरू मुलामुलीच्या फीसाठी हात आखडता घेण्यापूर्वी आपण त्यांची आठवण करावी, इतकीच आमची विनंती.