पिवळं कार्ड पोराला नको, सरांना दाखवा

मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक, पीटीचे सर आणि मॅडम, तसंच माझ्यासोबत मैदानावर शिट्टी फुंकणारे पंच यांस,



शाळा सुरू झाल्या. थोड्याच दिवसांत शालेय फुटबॉल स्पर्धांचे कार्यक्रम लागतील, सुब्रतो कपच्या तालुका-जिल्हा फेऱ्या भर पावसात उरकल्या जातील आणि दरवर्षीचा तमाशा पुन्हा होईल. सामना सुरू व्हायला दोन मिनिटं, प्रमुख पाहुणे हात मिळवायला रांगेजवळ उभे, आणि पंच एका तेरा वर्षांच्या पोराला म्हणतोय, "स्टॉकिंग खाली कर बघू." स्टॉकिंगखाली नुसती नडगी. पोरगं सरांकडे बघतं, सर पंचाकडे बघतात, पंच घड्याळाकडे.

पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पंच एक तर "जा, खेळ" म्हणतो, नाही तर पोराला बाहेर बसवतो. पहिल्या पंचाला लोक समजूतदार म्हणतात, दुसऱ्याला खडूस. दोन्ही वेळा सरांना मात्र कुणी काही म्हणत नाही. हे पत्र सरांबद्दल आहे, आणि सरांना पाठवणाऱ्या शाळेबद्दल.

नियम काही अवघड नाही. फुटबॉलच्या सतरा नियमांतला चौथा. बाह्यांची जर्सी, चड्डी, स्टॉकिंग, शिनगार्ड आणि बूट, एवढ्या पाच वस्तू हव्यात. शिनगार्ड स्टॉकिंगनं झाकलेलं हवं. अंगावर दागिना नको, आणि तो चिकटपट्टी लावून झाकलेलाही चालत नाही. शिनगार्डची सक्ती १९९० पासूनची, म्हणजे आज जे सर मुलांना घेऊन येतात त्यांतले बरेचसे ती झाल्यानंतर खेळायला लागलेले. तेव्हा "नवीन नियम आहे का हो?" असं मला यंदा तरी कुणी विचारू नये.

२०२४-२५च्या हंगामापासून त्यात एक भर पडली. शिनगार्डचं माप योग्य आहे ना, ते पुरेसं आहे ना, हे बघणं खेळाडूचं काम, असं नियमातच लिहिलं गेलं. काडेपेटीएवढी शिनगार्ड घालून फिरणाऱ्या पगारी खेळाडूंसाठी हे ठीकच आहे. पण आपल्याकडे तोच नियम चौदा वर्षांखालच्या गटालाही लागतो. आपल्या व्यवस्थेत चौदा वर्षांच्या मुलाची सही कशावरच चालत नाही. सहलीला जायचं तरी बापाची सही लागते. मग नडगी फुटली तर जबाबदारी तेवढी त्या पोराची, हे कुठलं गणित?

कागदावरच्या जबाबदारीचं मैदानात काय होतं ते सांगतो. मागं एका सामन्यात तपासणी करताना एका मुलाच्या स्टॉकिंगवर हात ठेवला तर कडक लागलं. बरं वाटलं. काढून बघितलं तर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, नडगीच्या मापानं कापलेला, कडा आत वळवून चिकटपट्टीनं बंद केलेल्या. काम इतकं नेटकं होतं की क्षणभर कौतुकच वाटलं. पण बाहेर पाऊस होता, आणि भिजलेला पुठ्ठा म्हणजे लगदा. त्याच सामन्यात बदली खेळाडू आत येताना टचलाइनवर वेगळाच सोहळा झाला. बाहेर आलेला मुलगा खाली बसला, त्यानं स्वतःची शिनगार्ड उपसली, घामानं ओली होती तशीच आत जाणाऱ्याच्या हातात दिली. अकरा जणांच्या संघात शिनगार्ड नऊ जोड्या असतील, तर दोघं तरी असेच चालवून घेत असणार. ती दोन मुलं हसत होती, त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आणि त्यांचे सर नव्या कोऱ्या ट्रॅकसूटमध्ये उभे होते, पाठीवर शाळेचं नाव आणि खाली 'प्रशिक्षक' असं छापलेलं.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, गरिबाची पोरं आहेत, सांभाळून घ्या."

गरिबी खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण शिनगार्डची साधी जोडी दोन-तीनशे रुपयांना मिळते, आणि ती काही एका पोरापुरती नसते. शाळेनं पंधरा जोड्या घेतल्या तर तीन गट आणि कितीतरी वर्षं निघतात. जर्सीवर प्रायोजकाचं नाव छापायला पैसे मिळतात. शिनगार्डवर नाव दिसत नाही, म्हणून त्याला पैसे मिळत नाहीत, एवढीच यातली आर्थिक अडचण आहे. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक आपल्याकडे झाला. त्याच्या आधी राज्य सरकारनं 'मिशन वन मिलियन'चा धडाका लावला, शाळाशाळांत फुटबॉल पोचले. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या त्या संघात होता, त्यामुळे इथे तर दिवाळीच होती. त्या सगळ्या उत्साहात शिनगार्डचा विषय कुठे निघाल्याचं मला आठवत नाही.

दुसरं उत्तर जुन्या खेळाडूंकडून येतं, आणि कोल्हापुरात ते पेठेपेठेत मिळतं. "आम्ही अनवाणी खेळलो, आमचं काय बिघडलं?" भारतही अनवाणी खेळलाय. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू बिनबुटाचे होते, फ्रान्सशी आपण अवघ्या २-१ नं हरलो आणि त्यात दोन पेनल्टी वाया घालवल्या. ही गोष्ट सगळे सांगतात. चार वर्षांनी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं, आणि त्यानंतर आपल्या महासंघानं बूट सक्तीचे केले, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि तेव्हा पेठेत अनवाणी खेळताना समोरचाही अनवाणी असायचा. आज समोरच्याच्या पायात स्टड आहेत.

स्टडचंही बोलून घेऊ. बहुतेक मुलांचे बूट थोरल्या भावाचे नाही तर काकाचे. आमच्या मुरमाड मैदानांवर नायलॉनचे स्टड झिजतात ते सारखे झिजत नाहीत, एका बाजूनं तासले जातात आणि कडेला कुसळासारखी धार येते. नुसतं बघून ती कळत नाही. तळव्यावरून हात फिरवावा लागतो. धार असेल तर ती पुसता येते, कानशीचे चार हात मारले की झालं. पण त्यासाठी कानस हवी आणि पाच मिनिटं हवीत, आणि पाहुणे रांगेजवळ उभे असतात तेव्हा यांतलं काहीच नसतं.

आता नाजूक विषय. माळ, गंडा, तावीत, कडं, कानातलं, मुलींची चमकी. वारकरी घरातल्या पोरानं गळ्यातली तुळशीची माळ टचलाइनवर उभं राहून काढायची म्हणजे त्याच्या जिवावर येतं. आजीनं सांगितलेलं असतं, माळ काढायची नाही. नाक नुकतं टोचलेलं असेल तर मुलीला चमकी काढताच येत नाही, छिद्र बुजतं. नियमात या कशालाच सवलत नाही, आणि नसावी असंच माझं मत आहे. हेडिंगला उडी मारलेल्या दोघांमध्ये माळ अडकली की काय होतं ते मी बघितलंय. मनगटावरच्या सुती दोऱ्याबद्दल पंचांमध्ये दोन मतं आहेत. मी काढायला लावतो, कारण एकाचा सोडला की दुसऱ्याचं चामडी कडंही पुढे येतं. पण हे पोराला कळायची जागा टचलाइन नव्हे. जूनमध्ये सरांनी घरी निरोप पाठवावा, नाक टोचायचं तर स्पर्धा संपल्यावर टोचा, माळेचं काय करायचं ते घरात बसून ठरवा. काही घरं ऐकतील, काही नाही ऐकणार. न ऐकणाऱ्यांनाही विचार करायला वेळ मिळाला पाहिजे.

याच्या उलट, जिथे नियम मोकळा आहे तिथे आपले काही पंच विनाकारण आवळतात. डोक्यावर स्कार्फ बांधून आलेल्या मुलीला परत पाठवू नका. २०१४ पासून त्याला स्पष्ट परवानगी आहे. काळा किंवा जर्सीच्या रंगाचा हवा, जर्सीला जोडलेला नको, टाचण्या नकोत, एवढंच. चष्म्याचंही तसंच. खेळाचा चष्मा असेल, विशेषतः लहान मुलांचा, तर पंचांनी समजुतीनं घ्यावं असं नियमपुस्तकच सांगतं. आणि धावता धावता एखाद्या खेळाडूचा बूट निघाला म्हणून शिट्टी मारू नका. चेंडू पुढच्या वेळी बाहेर जाईपर्यंत त्याला तसं खेळता येतं, तेवढ्यात त्यानं गोल केला तर तो गोलच. त्यावर पालक किती ओरडतात ते सोडा.

आता मुद्द्यावर येतो. अमेरिकेतल्या शाळांमध्ये जो फुटबॉल चालतो तो वेगळा, हेल्मेट आणि खांद्यावर पॅड घालून खेळायचा. तिथे कपड्या-साधनांची यादी आपल्यापेक्षा कितीतरी लांब आहे. गुडघ्याचे पॅड गुडघ्यावरच हवेत, मांडीचे वेगळे, दातांवरचं संरक्षक पूर्ण पांढरं किंवा पारदर्शक नको, कारण पंचाला ते लांबून दिसलं पाहिजे. पण मला त्यातली एकच गोष्ट उचलावीशी वाटते. सामन्याआधी मुख्य प्रशिक्षकानं पंचांसमोर सांगायचं असतं की माझे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत. त्यानंतर कुणाच्या अंगावर बेकायदा वस्तू सापडली तर पंधरा यार्डांचा दंड बसतो, आणि तो प्रशिक्षकाच्या नावावर लागतो. मुलगा दुरुस्ती करून परत खेळायला येतो. शब्द दिला होता तो मोठ्या माणसानं, म्हणून उत्तरही त्यानंच द्यायचं.

आपल्याकडे प्रशिक्षकाला कार्ड दाखवण्याची सोय २०१९ पासून आहे, पण ती त्याच्या वागणुकीसाठी. शिनगार्डसाठी सरांना कार्ड दाखवता येणार नाही, तेव्हा वरचं शीर्षक चिमटा म्हणूनच घ्या. स्पर्धेची नियमावली मात्र आपली आपण लिहितो. संघाच्या यादीवर जन्मतारीख आणि मुख्याध्यापकांचा शिक्का लागतोच. तिथेच खाली एक ओळ छापा: सर्व खेळाडूंची साधनं मी तपासली आहेत. खाली सरांची सही. तपासणीत काही सापडलं तर पहिल्या वेळी मुख्याध्यापकांना पत्र, दुसऱ्यांदा सरांना त्या सामन्यात बाकाजवळ बसायला बंदी. संघ बाद करू नका, गोल कापू नका. क्रीडागुणांची आशा लावून बसलेल्या दहावीच्या पोराला दुसऱ्याच्या आळसाची शिक्षा नको.

आणि आयोजकांनी एक पिशवी ठेवावी. लहान, मध्यम, मोठी अशी शिनगार्ड, चार जोड स्टॉकिंग, दोन रंगांची बिब, कानस, पांढरी-काळी-निळी चिकटपट्टी (स्टॉकिंगवर लावायची पट्टी स्टॉकिंगच्याच रंगाची लागते, हेही बऱ्याच सरांना नव्यानं कळतं). दोन्ही शाळा पीटीच्या पांढऱ्या शर्टात आल्या की आपली जी धावपळ होते, ती या बिबांनी वाचेल. पिशवी सामन्यानंतर धुवायची, हे कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा, नाही तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी हात लावणार नाही.

पंच मित्रांनो, आपल्यालाही काम आहे. तपासणी मैदानात रांग लावून नको. सामन्याच्या अर्धा तास आधी, संघ बसलाय तिथे जाऊन करा. म्हणजे कमी असेल ते पिशवीतून देता येईल आणि सगळ्यांसमोर कुणाची स्टॉकिंग उतरवावी लागणार नाही. पहिल्या फेरीला सोडायचं आणि अंतिम सामन्याला धरायचं, हे बंद करा. पोरांना वाटतं आपल्यावर डाव साधला, आणि तसं वाटलं तर त्यांचं चूक नाही. पाहुण्यांना उशीर होत असेल तर होऊ द्या.

जुलैतल्या तालुका बैठकीत या विषयाला दहा मिनिटं द्यावीत, एवढीच विनंती. यादीवरच्या त्या ओळीचा मसुदा मी लिहून आणतो. पहिल्या पिशवीचा खर्च कोण करणार यावर बैठक अडू नये, म्हणून पहिली पिशवी माझ्याकडून.

आपला,
शालेय सामन्यांचा एक पंच, कोल्हापूर